शौच तपासणीची डबी गावोगावी वाटायची का? जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनो, बोला

तापीकाठचा:
तीस वर्षांपुढच्यांची कॅन्सर तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, पण तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढीच. मोठ्या आतड्याचं नावच नाही. माझं म्हणणं, पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा फिट टेस्टची डबी द्या. शौचात डोळ्याला न दिसणारं रक्त असेल तर ती टेस्ट दाखवते, काडीने चिमूटभर नमुना घ्यायचा, घरीच, उपाशी राहणं नाही की मटण सोडणं नाही (जुन्या टेस्टला मटणाचं पथ्य होतं). आतड्यात आधी पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर छोटा कोंब येतो, त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं जातात, म्हणजे पकडायला चिक्कार वेळ. जपान १९९२ पासून हे करतंय. आपल्याकडे रक्त दिसलं की मूळव्याध, आणि मूळव्याध म्हटली की बस स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला मोबाईल नंबर.

केळीबाग_रावेर:
भाऊ, जपान-ऑस्ट्रेलियात हा कॅन्सर दरवर्षी लाखात तीसेक जणांना होतो, आपल्याकडे चार-पाच. आणि ही टेस्ट शंभर निरोगी माणसांतल्या पाच-सहांना फुकट पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे हजार जण तपासले तर पन्नास-साठ घरांत रडारड, त्यात खरा पेशंट निघाला तर एखादा. आता त्या पन्नास जणांची कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतड्याची तपासणी, कोण करणार? जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं, केमो बसतं, पण दाखल न होता केलेल्या तपासणीचे काही हजार खिशातूनच जातात. कापसाचा भाव बघा आणि मग सांगा किती जण जातील. पुढची सोय नसताना डबी वाटणं म्हणजे फोटो काढायचं शिबीर.

तापीकाठचा:
लाखात चार-पाच दिसायला कमी, पण देशात वर्षाला साठ हजारांच्या वर नवे पेशंट होतात की. आणि सोय नाही म्हणून तपासायचं नाही, मग सोय कधीच होणार नाही. मागणी आल्याशिवाय तालुक्याला मशीन कोण आणतो?

लॅबवाली_भुसावळ:
दोघंही एक गोष्ट विसरताय. नमुना उन्हात राहिला की त्यातलं हिमोग्लोबिन मोडतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. इटलीत सुद्धा उन्हाळ्यात पॉझिटिव्हचं प्रमाण घटलेलं आढळलंय, आणि आपलं भुसावळ मे महिन्यात ४५ च्या वर! गावातून डब्या गोळा करून गाडीच्या डिक्कीतून तालुक्याला आणल्या तर रिपोर्टला काय अर्थ राहिला. घ्यायचंच असेल तर भरीत पार्ट्यांच्या सीझनला, थंडीत घ्या, मार्चनंतर नको.

साक्रीकडची_आशा:
वाटायचं काम शेवटी आमच्याच गळ्यात येणार म्हणून बोलते. टीबीसाठी थुंकीची डबी लोक देतात, सिकलसेलला बोटातून रक्त देतात, पण शौच म्हटलं की तोंड फिरवतात. म्हातारी माणसं म्हणतात, "माले काई व्हयेल नही", विषय संपला. बाया तर सासऱ्यासमोर डबीचं नावही काढत नाहीत, आणि एकाच संडासात सात-आठ माणसं जातात त्या घरात नमुना घेऊन ठेवायचा कुठं हो? समजावून सांगायला घरामागे अर्धा तास लागेल. तो अर्धा तास आणि त्याचा मोबदला धरा, मग डबी छापा.

अमळनेरचा_डॉक्टर:
मी ह्याच धंद्यात आहे आणि तरी मोहिमेच्या विरोधात आहे, निदान आत्ता तरी. पोलंड, नॉर्वे, स्वीडनमध्ये ८४ हजारांवर लोकांचा अभ्यास २०२२ ला आला, त्यात ज्यांना कोलोनोस्कोपीचं बोलावणं पाठवलं त्यांच्यात दहा वर्षांत कॅन्सरचं प्रमाण ०.९८ टक्के आणि बाकीच्यांत १.२०. बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच आले, ते पण तिकडचे लोक! शिवाय आपल्याकडे पन्नाशीच्या आतले पेशंट भरपूर आहेत, ते तुमच्या डबीत येणारच नाहीत. त्यापेक्षा ज्यांना रक्त पडतंय, शौचाची सवय बदललीय, वजन उतरतंय, किंवा धडधाकट पुरुषाचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय आठ-नऊवर आलंय त्यांना आधी गाठा. गुदाशयाची गाठ खालच्या भागात असेल तर बऱ्याचदा बोटाने तपासतानाच लागते, खर्च एका ग्लोव्हचा. पण पेशंट लाजतो, आणि खरं सांगू का, आमच्यातलेही बरेच जण टाळतात आणि मलम लिहून देतात.

तापीकाठचा:
डॉक्टरसाहेब, निम्म्याहून जास्त लोक आलेच नाहीत म्हणून तर फरक कमी दिसला. आणि लक्षणं दिसल्यावर तपासलं त्याला स्क्रीनिंग म्हणत नाहीत, ते निदान झालं. पॉलिप बहुतेकदा काही त्रासच देत नाही, तो तुमच्या यादीत कसा सापडणार?

अमळनेरचा_डॉक्टर:
नाही सापडणार, मान्य. पण माझ्याकडे स्कोपीचा एक स्लॉट असेल तर तो मी सहा महिने रक्त जाणाऱ्या ४२ वर्षांच्या माणसाला देईन, डबी पॉझिटिव्ह आलेल्या ठणठणीत माणसाला नाही. तुम्ही म्हणता तशी मोहीम झाली तर तो ४२ वाला रांगेत मागे जातो.

केळीबाग_रावेर:
हेच म्हणत होतो मी, फक्त मला इतकं नीट सांगता आलं नाही 😄

दोंडाईचा_एक्सप्रेस:
तुमचं चालू द्या, मला एक सांगा. मोठ्या भावाला ४६ व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर निघाला. मी ३९. काहीच त्रास नाही. डबी करू का?

अमळनेरचा_डॉक्टर:
डबी नको दादा, डायरेक्ट कोलोनोस्कोपी. सख्ख्या नात्यात असेल तर चाळीशीला, किंवा त्याला निघाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, ह्यातलं जे आधी येईल ते. म्हणजे तुमचं ३६ ला व्हायला पाहिजे होतं. बाकी भावंडांना पण सांगा, बहिणी धरून.

तापीकाठचा:
बघा, ह्यांना त्रास काहीच नाही. तुमच्या यादीत बसले असते का हे?

अमळनेरचा_डॉक्टर:
घरात कुणाला होता का, हे विचारलं असतं तर बसले असते. त्याला डबी लागत नाही.

साक्रीकडची_आशा:
हा एक प्रश्न आम्ही विचारू शकतो, लाजायचं काही नाही त्यात.

दोंडाईचा_एक्सप्रेस:
भूल देतात का? एकटा धुळ्याला जाऊन येईन म्हणतो.

लॅबवाली_भुसावळ:
एकटे नका जाऊ. आदल्या दिवशी पातळच खायचं, पोट साफ व्हायचं औषध पाण्यातून प्यायचं, रात्र संडासातच जाते म्हणा. आणि बहुतेक ठिकाणी झोपेचं इंजेक्शन देतात, त्यामुळे येताना गाडी दुसऱ्याने चालवायची. वहिनींना घेऊन जा.