शेलू ते नेरळ पायी : आपापले अनुभव लिहावेत

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी, शेलू आणि नेरळ ही स्टेशने ओळीने येतात. शेलू ते नेरळ हे अंतर चार किलोमीटरांच्या आसपास असल्याने लोकलमध्ये ते कधी सरले हे कळतही नाही. पण शेलूला उतरून गावरस्त्याने रमतगमत निघाले, तर उजव्या हाताला माथेरानचा डोंगर आणि डावीकडे उल्हास नदीच्या अंगाची भातखाचरे शेवटपर्यंत सोबत करतात. गड चढल्याची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात, मात्र सपाटीवरच्या, धाप न लागणाऱ्या चालण्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, याची मला खंत वाटते. मी भाद्रपदात गेलो तेव्हा भात पोटरीत आले होते, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणातच होती, तेरडा फुलला होता आणि बांधाच्या कडेला खेकड्याने बिळातून उपसलेल्या ओल्या चिखलाच्या गोळ्या रचून ठेवल्यासारख्या पडल्या होत्या. आपणही ही वाट किंवा अशीच दुसरी वाट चालला असाल, तर जरूर लिहावे.

डोंबिवलीहून

गुडघ्यांमुळे डोंगर सुटले, तेव्हा आता घरीच बसायचे अशी मनाची तयारी मी केली होती. यजमानांनी आग्रह करून मला या वाटेने नेले. वाटेत ठाकरवाडीतल्या एक मावशी करटोली आणि गावठी काकड्यांची पाटी घेऊन नेरळच्या बाजाराकडे निघालेल्या भेटल्या. त्यांनी पाटी उतरवून एक करटोले मधोमध चिरून दाखवले आणि म्हणाल्या, "बी पिकलं असंल तर काढून टाक ताई, कवळं असंल तर तसंच परत." त्यांच्याबरोबर चालता चालता नेरळ कधी आले ते समजले नाही. ज्येष्ठांनी ही वाट निःशंक मनाने करावी.

नेरळजवळच्या एका गावातून

माझे बालपण याच खाचरांत गेले, म्हणून एक कळकळीची विनंती करतो. पावसाळ्यात बांध हा चालण्याचा रस्ता नसतो. आवणीच्या, म्हणजे भाताच्या लावणीच्या वेळी चिखलाने लिंपून घेतलेला बांध एका पावलाने खचला, तरी वरच्या खाचरातले पाणी खालच्यात उतरते आणि नुकती लावलेली रोपे उघडी पडतात. मग घरचे माणूस फावडे घेऊन भर पावसात धावते. आमच्याकडे कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे कर्जत-3 हे हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे वाण लावतात. ते लोंब्यांनी वाकले, की बांध सुकून टणक झालेले असतात. तेव्हा या, विचारून बांधावरून चाला, कोणी नाही म्हणणार नाही. रुळांच्या कडेने मात्र कधीही चालू नये. तो रेल्वे कायद्याच्या 147व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि वळणावर मागून येणारी गाडी वाऱ्यामुळे ऐकूही येत नाही.

ठाण्याहून

आषाढ-श्रावणात जाणाऱ्यांनी नदीचा अंदाज घ्यावा. 27 जुलै 2019 रोजी याच उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. रात्रभर पाऊस कोसळला असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा.

बदलापूरहून

मला ही वाट पौषात अधिक आवडते. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला असतो आणि त्याच्या शेंगा भरल्या, की शेतात पोपटी लागते, म्हणजे मडक्यात शेंगा भाजतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, त्यावर जाडे मीठ लावलेल्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडके उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवतात. भांबुर्डीचा तो उग्र वास रस्त्यापर्यंत येतो. ओळखीच्या घरी सांगून ठेवले तर आग्रहाने बसवून घेतात. थंडीत सकाळी निघणाऱ्यांनी नेरळहून शेलूकडे उलटे चालावे, म्हणजे कोवळे ऊन पाठीवर राहते आणि डोळ्यांवर येत नाही.