मदत हवी आहे: खाली बसवलेल्या ऑडी टीटीला मागे किती मिमीचे स्पेसर लावावेत?

नमस्कार मंडळी,

गाडी ऑडी टीटी, २०१२ ची, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. चाकं कंपनीचीच, ९ इंच रुंद, १८ इंची, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबवरच्या बैठकीपर्यंतचं अंतर, मिमीमध्ये) ईटी ५२, टायर २४५/४०. मे महिन्यात गाडी ३० मिमी खाली नेणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या. शॉक ॲब्सॉर्बर मूळचेच आहेत आणि रनिंग ७८ हजार झालंय.

गाडी खाली बसल्यावर समोरून सुंदर दिसते, पण मागची चाकं कमानीच्या आत ओढून घेतल्यासारखी वाटायला लागली. म्हणून एका वर्कशॉपमधून मागे १० मिमीचे स्पेसर, म्हणजे चाकामागे बसून चाक बाहेर सरकवणाऱ्या धातूच्या चकत्या, लावून घेतले. अर्ध्या तासात काम झालं. त्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या आहेत.

मुलगी मागच्या सीटवर बसली असेल आणि स्पीडब्रेकर जरा उंच असेल, तर मागून खर्रर्र असा आवाज येतो. फक्त उजवीकडून. कोथरूडमध्ये स्पीडब्रेकर किती आणि कुठल्या आकाराचे आहेत हे इथल्या पुणेकरांना सांगायला नको, त्यामुळे शाळेत सोडायला जाताना हा आवाज चार-पाचदा ऐकावा लागतो. दुसरं म्हणजे बायपासला गाडी ९० च्या आसपास गेली की सीटखालून थरथर जाणवते. ११० ला ती कमी होते. आधी असं काही नव्हतं.

वर्कशॉपवाले म्हणतात, थरथर बॅलन्सिंगची आहे आणि आवाज फेंडरच्या कडेचा आहे. कड आतून दुमडून देतो आणि त्याच वेळी १५ मिमीचे टाकू, १० चा फरक डोळ्याला दिसतच नाही. कड दुमडायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मूळ रंग अजून शाबूत आहे, तो तडकला तर परत तसा मिळणार नाही. आमच्या शेजारच्या काकांचं भोसरीत लेथचं युनिट आहे. ते म्हणाले, माप दे, दोन दिवसांत ॲल्युमिनियमचे करून देतो.

तर १० ठेवू, १५ करू, की काढूनच टाकू? ही गाडी मी बारा वर्षं पैसे साठवून घेतली आहे आणि तिच्यात माझी लेक बसते. कृपया स्पष्ट सांगा.

प्रतिसाद

ताई, १० की १५ हे नंतर बघू. स्पेसर लावताना चाकाचे बोल्ट बदलले होते का? तुमच्या पोस्टमध्ये बोल्टचा उल्लेखच नाही, आणि अर्ध्या तासात काम झालं हे वाचून काळजी वाटली.

टीटीला स्टड-नट नसतात, बोल्ट थेट हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, जातात. स्पेसर १० मिमीचा असेल तर चाक हबपासून १० मिमी लांब जातं, म्हणजे बोल्टची हबमधली पकड तेवढीच कमी होते. बोल्टही १० मिमीने लांब लागतात.

आजच तपासा. गाडी सपाट जागेवर घ्या, पुढच्या चाकांना अडण लावा, मागचं चाक जॅकवर उचला. पाचपैकी चार बोल्ट तसेच ठेवून एकच पूर्ण काढा. मग तो हाताने आत फिरवत न्या आणि टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजा. एम१४ × १.५ च्या बोल्टला निदान साडेसात फेरे हवेत. कमी भरले तर गाडी रस्त्यावर काढू नका, टायरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

धागालेखिका

आत्ताच मोजून आले. उजव्या मागच्या चाकाला तीन फेरेसुद्धा पुरे होत नाहीत. डाव्यालाही तेच. खात्री करायला पुढच्या चाकाचा एक बोल्ट मोजला, तिथे साडेनऊ भरले. मागे जुनेच बोल्ट आहेत.

गेल्या रविवारी आम्ही दोघी याच चाकांवर ताम्हिणीला जाऊन आलो. हात अजून थरथरतायत. गाडी जॅकस्टँडवर आहे, स्पेसर काढून टाकते आहे. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

प्रतिसाद

तुमचा हिशोब बरोबर जुळतो. आटे दीड मिमीचे, स्पेसर १० मिमीचा, म्हणजे साधारण पावणेसात फेरे गेले. साडेनऊतून ते वजा केले की पावणेतीन उरतात. तीन फेऱ्यांवर बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, टॉर्क पान्याचा 'टक्' आवाजही येतो, म्हणून ही चूक हाताला कळत नाही. ज्या दहा बोल्टांवर घाट उतरलात ते आता परत वापरू नका, आटे ताणले गेलेले असू शकतात. हबचे आटेही टॉर्च मारून बघा आणि नवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत सहज जातो का ते पाहा.

मी चाकणला टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली आहेत, म्हणून लेथबद्दल बोलतो. काकांच्या हातात कसब असेल, त्याबद्दल शंका नाही. पण त्यांच्याकडे येणारा ॲल्युमिनियमचा गोळा कुठल्या ग्रेडचा आहे, त्याला हीट ट्रीटमेंट झाली आहे का, हे भंगारातून आलेल्या तुकड्याबद्दल कुणी छातीठोक सांगू शकत नाही. चांगले स्पेसर ६०६१-टी६ सारख्या ग्रेडचे असतात. शिवाय दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर हवीत. तिथे शतांशाच्या घरातला फरकही चाकाच्या कडेला जाऊन वाढतो आणि डुगडुग म्हणून परत येतो. ज्या वस्तूवर चाक टांगलेलं असतं ती मी स्वतःसुद्धा घरी करत नाही. आयबाख किंवा एच अँड आर यांचे तयार स्पेसर, तुमच्या मॉडेलचा पार्ट नंबर बघून मागवा.

थरथरीबद्दल: काढलेल्या स्पेसरचं मधलं भोक व्हर्नियरने मोजा आणि इथे लिहा. टीटीच्या हबचा मधला उंचवटा ५७.१ मिमीचा असतो. भोक तेवढंच हवं, आणि स्पेसरच्या बाहेरच्या बाजूलाही तसाच उंचवटा हवा, म्हणजे चाक त्यावर मध्यावर बसतं.

धागालेखिका

काकांकडून व्हर्नियर आणला. भोक ६६.६ भरलं. बाहेरच्या बाजूला उंचवटा नाही, स्पेसर नुसता चपटा आहे.

प्रतिसाद

मग थरथर बॅलन्सिंगची नव्हतीच. तो दुसऱ्या गाडीचा स्पेसर आहे. मर्सिडीज आणि नंतरच्या बऱ्याच ऑडींना पाच बोल्टांचं तेच ११२ मिमीचं वर्तुळ असतं, पण मधलं भोक ६६.६ चं. बोल्टची भोकं जुळतात म्हणून 'बसतो' म्हणून दिला जातो. तुमच्या हबभोवती सगळीकडून पावणेपाच मिमीची पोकळी होती. चाक फक्त बोल्टांच्या टोप्यांवर जमेल तसं मध्यावर आलेलं होतं.

नवे बोल्ट घेताना तीन गोष्टी बघा. मूळ बोल्ट २७ मिमीचे असतील तर १० च्या स्पेसरला ३७ मिमीचे, १०.९ ग्रेडचे. कंपनीच्या चाकांत बोल्टची बैठक गोलाकार असते, बाजारात मिळणारे बरेच बोल्ट शंकूच्या बैठकीचे असतात. ते या चाकांना चालत नाहीत, कडेवर टेकतात आणि सैल होतात. आणि चोरीपासून बचावाचा जो एक वेगळ्या चावीचा बोल्ट असतो तोही लांब हवा. चार लांब आणि एक जुना आखूड असलेली चाकं मी पाहिली आहेत. मूळ लांबीचे चांगले बोल्ट डिकीत ठेवा, स्पेसरशिवाय चाक लावायची वेळ आली तर लांब बोल्ट आत जास्त घुसून कशाला तरी घासू शकतात.

बसवण्याआधी हबचं तोंड तारेच्या ब्रशने लख्ख करा. पुण्याच्या दोन पावसाळ्यांत तिथे गंजाची पापडी धरते आणि तिच्यावर स्पेसर सपाट बसत नाही. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. १२० न्यूटन मीटर टॉर्क, हाताच्या टॉर्क पान्याने, एअर गनने नाही. ८०-१०० किलोमीटरनंतर परत तपासायचं.

प्रतिसाद

घासण्याबद्दल मी लिहितो, कारण वरच्या चर्चेत ते मागे पडलं.

दोन्ही बाजूंना सारखेच स्पेसर, सारख्याच स्प्रिंगा, मग आवाज एकाच बाजूने का? फेंडरची कड दुमडायच्या आधी याचं उत्तर मिळालं पाहिजे. चाक आतल्या बाजूला घासत असेल तर स्पेसरने बरं होतं, बाहेरच्या बाजूला घासत असेल तर स्पेसरने वाढतं. तुमच्याकडे स्पेसर लावल्यावर सुरू झालं, म्हणजे बाहेरून. आणि एकाच बाजूला, म्हणजे ती बाजू दुसरीपेक्षा जास्त दबते आहे. उजवीकडचा बंप स्टॉप बघा. शॉक ॲब्सॉर्बरच्या दांडीवर फोमसारखा रबरी ठोकळा असतो, गाडी पूर्ण दबली की तो चाकाला थांबवतो. बारा-तेरा वर्षांत तो ठिसूळ होऊन भुगा होतो. खाली आणलेली गाडी त्याच्यावर जास्त वेळा टेकते, त्यामुळे स्प्रिंगा बदलताना तो बदलायलाच हवा होता.

आता माप. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडा, गवंडी वापरतात तोच, आणि दोरी व टायरची बाजू यांतलं अंतर मोजा. हे झालं उभ्या गाडीचं. दबलेल्या गाडीचं माप घ्यायला शाडूची माती घ्या, सध्या पेणहून गणपती यायला लागलेत तेव्हा कुठेही मिळेल. कडेच्या आतल्या बाजूला तिची जाड वळी चिकटवा. मागे दोन माणसं बसवून त्याच स्पीडब्रेकरवरून हळू, मग नेहमीच्या वेगाने जा. टायर आणि कड यांच्यात जेवढी जागा उरते तेवढी जाडी मातीत राहते. हे सगळं आधी स्पेसरशिवाय करा. उरलेल्या जाडीतून ५-६ मिमी टायरच्या वळणातल्या लवचिकतेसाठी सोडा, बाकीचा तुमचा स्पेसर. हीच पद्धत, आणि ती दुकानात बसून कुणाला सांगता येत नाही.

गाडी खाली आणल्यावर अलाइनमेंट केलं होतं का? मागचा कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) ऋण बाजूला, म्हणजे वरून आत, गेलेला असणार, टायर आतून खाल्ले जातील. हात फिरवून बघा.

प्रतिसाद

एक विनंती, पुढे स्पेसर लावायचा विचार आला तर थांबा. ऑडीने १९७२ च्या ऑडी ८० मध्ये पुढच्या चाकांची भूमिती अशी ठेवली की एका बाजूच्या चाकाला जास्त पकड मिळाली तर स्टिअरिंग आपोआप गाडीला सरळ ओढायला मदत करतं. डावी चाकं रस्त्याकडेच्या पाण्यात आणि उजवी कोरड्यावर असताना जोरात ब्रेक लावला की त्याची किंमत कळते, आणि जुलैत सिंहगड रोडवर ही वेळ रोज येते. ऑफसेट कमी केला की चाक बाहेर सरकतं आणि ही मदत कमी होत जाते. ईटी ५२ वर १५ लावले की ईटी ३७ होतो, दोन्ही चाकांमधलं अंतर ३० मिमीने वाढतं, बेअरिंगवरचा भारही वाढतो.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करायला बंधनं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो. आधी त्यांना लेखी विचारा.

धागालेखिका

नऊ दिवसांनी लिहिते आहे, क्षमस्व.

उजवा बंप स्टॉप नव्हताच. दांडीवर फक्त काळा भुगा होता. डावा अर्धा शिल्लक होता. दोन्ही नवे टाकले, त्याच वेळी मागचे शॉक ॲब्सॉर्बरही बदलले, कारण उजवा तेल गाळत होता. मागचा कॅम्बर दोन्हीकडे वेगळा निघाला, तो अलाइनमेंटमध्ये सारखा करून घेतला.

शाडूचा प्रयोग लेकीने आणि मी मिळून केला. मागे ती आणि तिची मावसबहीण, पुढे मी आणि बहीण. स्पेसरशिवाय सर्वांत पातळ जागी माती १७ मिमी उरली, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच. १० लावले तर ७ उरतात, १५ लावले तर २. म्हणजे १५ चा विषय संपला आणि कड दुमडायचाही.

५७.१ चे, उंचवटा असलेले १० मिमीचे स्पेसर मिळाले आहेत. गोल बैठकीचे ३७ मिमीचे बोल्ट आलेत, पण लांब लॉक बोल्ट अजून आलेले नाहीत. विमा कंपनीला मेल केला आहे, उत्तर यायचंय. दोन्ही हातात आल्याशिवाय स्पेसर कपाटातून काढणार नाही. सध्या गाडी स्पेसरशिवाय, मागे मूळ लांबीच्या नव्या बोल्टांवर आहे. बायपासला ९० ला थरथर नाही, शाळेच्या रस्त्यावर आवाज नाही.

काल त्या वर्कशॉपमध्ये गेले होते. भांडायला नाही, काढलेला स्पेसर आणि एक जुना बोल्ट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्याच हाताने फेरे मोजायला लावले. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वही काढली. त्याच खोक्यातले स्पेसर या महिन्यात आणखी दोन गाड्यांना लावले होते. मी तिथे असतानाच त्यांनी दोघांनाही फोन करून गाडी आहे तिथे उभी करायला सांगितलं.