चिलर नाही म्हणून नागपुरात रीफ टँक होत नाही? मला पटत नाही

रीफवाला_मानेवाडा
परवा ‘धरमपेठ_रीफ’ यांनी लिहिलं की नागपुरात रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरलचा टँक) म्हणजे पैशांची नासाडी, 45-46 च्या उन्हात कोरल जगतच नाही, चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) झेपत नसेल तर गप्पी पाळा. खाली चार जणांनी "बरोबर" म्हटलं आणि एका नवीन पोराने टँक विकायला काढला. त्या पोरासाठी मी हे लिहून राहिलो.

धरमपेठचे भाऊ, तुमचे फोटो आणि तुमचेच आकडे पाहिले. तापमान 28.5. नायट्रेट 0, फॉस्फेट 0. केएच (पाण्याची क्षारता) सोमवारी 7.5, शनिवारी 11.5. वाळूवर तपकिरी थर, त्याला तारा सुटलेल्या, तारांत बुडबुडे. मॉन्टीपोराचे (कठीण कोरलचा एक प्रकार) काठ पांढरे. यात उन्हाचा काय दोष? उष्णतेने कोरल सगळीकडून फिकं पडतं, पण मांस जागेवर असतं, पॉलिप दिसतात. तुमच्याकडे काठावरून मांस सुटून सांगाडा उघडा पडला आहे. पाण्यात खायला काही नाही आणि केएच वर ढकलला, की काठ असेच जळतात. रोज संध्याकाळी बफर (केएच वाढवायची पूड) टाकतो हे तुम्हीच लिहिलं होतं.

वाळूवरचा तो थर डायटम नाही, डायनो (डायनोफ्लॅजेलेट) आहे; दोन्ही सूक्ष्म जीवच, पण वेगळे. डायटम सिलिकेट संपलं की आपोआप जातात. डायनो नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आले की माजतात, आणि तुम्ही फॉस्फेट ओढायला जीएफओ (लोहाचे दाणे) लावून ठेवलंय, वर दर दोन दिवसांनी पाणी बदलता. जीएफओ काढा. पाणी बदलणं थांबवा. नायट्रेट 5 च्या आसपास, फॉस्फेट 0.05 पर्यंत येऊ द्या. बफर बंद करा, केएच आपल्या आपण 8 वर उतरेल.

आणि स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरू नका. चव राहावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते. तुमचा टीडीएस 70 येतो तो त्यानेच. तो स्क्रू बंद करा, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार ओढणारे दाणे) लावा, मीटर 0 दाखवेल.

धरमपेठ_रीफ
28.5 सकाळचं आहे हो! दुपारी तीनला 31.5 असतं. तुम्ही फोटो पाहून निदान करता, मी त्या टँकसमोर बसतो. मागच्या आठवड्यात दुपारी दोन तास वीज नव्हती, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) बंद, संध्याकाळी क्लाउनफिश पृष्ठभागावर तोंड मारत होते. ते काय केएचने झालं?

रीफवाला_मानेवाडा
ते ऑक्सिजनने झालं. गरम पाण्यात तो आधीच कमी विरघळतो आणि तुमचा प्रवाह बंद पडला. त्याला चिलरही कामाचा नाही, वीज गेली की तोही बंद. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर नाहीतर बॅटरीचा एअरपंप पाहिजे. लक्षद्वीपला उन्हाळ्यात समुद्रच 30 च्या आसपास असतो. 29 वर स्थिर टँक चालतो. सकाळी 28, दुपारी 32, हा झोका मारतो.

मनीषनगर_सॉल्टी
लक्षद्वीपचं उदाहरण देऊ नका दादा. तिथे 1998, 2010, 2016 आणि 2024 ला कोरल पांढरं पडलं, आणि तो उघडा समुद्र आहे. नेहमीच्या कमाल तापमानाच्या एखादा अंश वर काही आठवडे राहिलं तरी पुरतं. 30 ला जगतं म्हणून 31 ला जगेल असं नाही. धरमपेठवाल्यांना उन्हाची भीती वाटते यात चूक काय?

रीफवाला_मानेवाडा
हे मानतो. 31.5 वर ठेवा असं मी म्हटलेलं नाही. पण त्यासाठी चिलरच लागतो हे खोटं आहे. आपली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की सम्पवर (टँकखालच्या जोडटाकीवर) पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. पंखा हरतो तो पाऊस लागल्यावर, ओल आली की. नागपूरकराला हे कूलर वापरून माहीत आहे.

खारंपाणी_ताई
कूलरवरूनच सांगते. माझ्या बहिणीकडे टँक आणि कूलर एकाच खोलीत, खिडक्या बंद. खोलीत ओल साचायची आणि पंखा फिरत असून पाणी उतरायचं नाही. खिडकी उघडी ठेवल्यावर उतरलं.

पण पंख्याचा दुसरा घोळ कोणी सांगत नाही. 200 लिटरच्या टँकमधून दिवसाला सहा लिटर उडालं तर मीठ आत राहतं. तीन दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) चुकला की 35 ची सॅलिनिटी (खारेपणा) 38 च्या वर जाते. मग लोक घाबरून एकदम 18 लिटर गोडं पाणी ओततात. झोआ (बटणासारखे मऊ कोरल) मिटतात ते यानेच. आणि टॉप-अपला मिठाचं पाणी टाकणारेही पाहिलेत मी. आरओ-डीआयचंच टाकायचं, रोज, थोडं थोडं. ऑटो टॉप-अप चिलरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो.

महालचा_वकील
सगळे केएचवर भांडून राहिले आणि फोटोत मॉन्टीपोरा आहे याबद्दल कोणी बोलायला तयार नाही. कठीण कोरल, म्हणजे सगळे स्क्लेरॅक्टिनियन, वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत, 2001 पासून. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. शिक्षा 3 ते 7 वर्षं. पार्सलने मागवून फोटो टाकता काहून?

धरमपेठ_रीफ
मला विकणाऱ्याने सांगितलं की इंडोनेशियात फार्ममध्ये वाढवलेलं आहे. भारतातल्या समुद्रातलं नाही.

महालचा_वकील
कागद दाखवला का? यादीत "सर्व" लिहिलंय, कुठून आलं ते लिहिलेलं नाही. बाहेरून आणायचं तर साइटीसची (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची) परवानगी वेगळी. विकणारा पैसे घेऊन मोकळा, अडकणार तुम्ही.

मनीषनगर_सॉल्टी
मग दुकानदाराला पकडा नं! ग्रुपवर उघड भाव लिहून विकतात, आणि दम मात्र हौशी माणसाला. या शहरातले अर्धे टँक गुन्हेगार ठरवणार का तुम्ही?

महालचा_वकील
विकत घेणारे आहेत म्हणून ते विकतात. मन्नारच्या आखातात, अंदमानात कोरल मरून राहिलं आहे आणि आपण बाराशे रुपयांना तुकडा घेऊन केएच शिकतो. हौस करायची तर झोआ आहे, मशरूम आहे, लेदर आहे, झेनिया आहे, सगळे मऊ प्रकार. यातलं काहीच स्क्लेरॅक्टिनियन नाही, आणि नवीन टँकला हेच मानवतं.

खारंपाणी_ताई
वकीलदादा, सूर जरा खाली आणा, पण मुद्दा बरोबर आहे. माझ्या टँकमध्ये फक्त झोआ आणि लेदर आहेत. नवशिक्याला मॉन्टीपोरा विकणं हाच मुळात अन्याय आहे, कायदा बाजूला ठेवला तरी. झोआ कापताना मात्र हातमोजे आणि चष्मा घाला, काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं.

मनीषनगर_सॉल्टी
कायदा बाजूला ठेवता येत नाही हे ठीक. पण दुकानदाराबद्दलचं माझं म्हणणं मी सोडणार नाही.

धरमपेठ_रीफ
बस झालं. काल रात्री जीएफओ काढलं, बफर बंद केला. आज केएच 10.6. मॉन्टीपोराचं मी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारतो, इथे नाही. केएचबद्दल रीफवाल्यांचं मान्य करतो. उन्हाबद्दल नाही करत. जून-जुलैत पंखा हरतो हे त्यांनी स्वतःच लिहिलंय, तेव्हा काय करायचं ते सांगा.

रीफवाला_मानेवाडा
तेव्हा दिव्यांची वेळ दुपारची काढून रात्री न्या, टँकवरचं झाकण काढा, आणि त्यानेही 30 खाली येत नसेल तर चिलर घ्या. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. आणि आजच सॅलिनिटी मोजा. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं यंत्र) आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, 35 च्या द्रावणावर लावून घ्या. वाचन इथे टाका, मग पुढचं बोलू.