मदत हवी आहे: वजनाच्या ऑपरेशननंतर आईचा सीआरपी (शरीराच्या आतली सूज दाखवणारी रक्ततपासणी) अजून जास्त

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आईचं स्लीव्हचं (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करायचं) ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. वजन ११२ वरून ८७ वर आलं, साखरही आटोक्यात आहे. पण सीआरपी १४ वरून ९ वरच अडकलाय. डॉक्टर म्हणाले, पोटावरची चरबीच सूज वाढवणारी रसायनं सोडते, वजन उतरेल तसा तो उतरेल, धीर धरा.

मला काळजी वेगळीच आहे. कंगव्यात केसांचा पुंजका येतो. जेवण म्हणजे चतकोर भाकरी आणि वाटीभर मुगाचं कढण, त्यात रोजची ६० ग्रॅम प्रथिनं कुठून व्हायची? त्यातच मावशींनी महागड्या अँटिऑक्सिडंट गोळ्या आणून दिल्यात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही.

कुणाच्या घरी असं झालंय का? सीआरपी उतरायला किती महिने लागले? बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), झिंक तपासलं होतं का? मिरज-सांगलीत असे रुग्ण पाहणारे आहारतज्ज्ञ माहीत असतील तर नक्की सांगा.