पुरात भिजलेलं प्रमाणपत्र: शिवाजी विद्यापीठाच्या जुन्या खो-खो संघाचा माग कुठून काढू?

गावभागातला (सांगली)

रेशनकार्ड शोधत होतो. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला एक प्रमाणपत्र मिळालं. शिवाजी विद्यापीठ, आंतरविद्यापीठ खो-खो, महिला, पश्चिम विभाग, १९७९-८०. खाली आईचं माहेरचं नाव. मी एकेचाळीस वर्षांचा आहे आणि माझी आई युनिव्हर्सिटी खेळलेली आहे हे मला परवाच्या मंगळवारी कळलं.

२०१९ च्या पुरात आमच्याकडं खालच्या मजल्यावर पाणी होतं. ती ट्रंक त्यात चार दिवस होती. छापलेलं आणि टाइप केलेलं तेवढं राहिलंय, शाईपेनानं भरलेलं सगळं निळं होऊन पसरलंय. स्पर्धा कुठं झाली, कितवा नंबर आला, काही लागत नाही.

आईला विचारलं तर म्हणाली, "त्यात काय एवढं, सगळ्याच खेळायच्या." सगळ्या म्हणजे कोण? तर तिला चौघी आठवतात, त्याही टोपणनावानं. बेबी, ठमी, कराडची बुटकी आणि एक 'सोलापूरची', जी कुणाशी बोलायची नाही. आडनावं तर लग्नात गेलीच. गाव आठवत नाही. एवढंच ठाम सांगते की रेल्वेनं गेलो, दीड दिवस लागला, आणि तिथं आमटीत साखर होती. बेबी ताटावर बसून रडली म्हणे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे निकाल, संघांची नावं कुठं बघायला मिळतील? आणि माझी मुलगी सातवीत आहे, शाळेकडून खो-खोच खेळते. तिला विद्यापीठाच्या मॅची दाखवायच्या आहेत. त्या कधी, कुठं असतात, कळतं कसं? आयपीएलचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे, हे मात्र शून्य.

जिमखाना_नं_१ (सातारा)

मी एकतीस वर्षं कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा संचालक होतो, आता निवृत्त. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. १९७९ साली आमच्या भागातल्या मुलीनं दीड दिवसाचा रेल्वेप्रवास करून खेळायला जायचं तर घरी आधी किती बोलणी खावी लागत असतील, ते मला ठाऊक आहे.

आमटीत साखर म्हणजे गुजरात, पैज लावतो. पश्चिम विभागात महाराष्ट्र आणि गोव्याबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशची विद्यापीठं येतात. राजस्थानात गेल्या असत्या तर तिखटाची तक्रार आली असती. पण बडोदा, राजकोट, सुरत, अहमदाबाद, वल्लभ विद्यानगर, कुठंही असू शकतं.

आता मुद्द्याचं. विद्यापीठाचा संघ ही काही वर्षभर नांदणारी गोष्ट नव्हे. आधी कॉलेज खेळतं, मग सांगली, सातारा, कोल्हापूर अशा विभागांत झोनल होतं, मग इंटरझोनल. त्यातून निवड, पंधरा-वीस दिवसांचं शिबिर, ट्रॅकसूट, आणि गाडी. पश्चिम विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीयला जातात. हरले की स्टेशनवरच संघ मोडतो, जो तो आपल्या गावच्या एसटीत. पुढच्या साली निम्म्या पोरी पास होऊन गेलेल्या, दोघींची लग्नं झालेली. त्यामुळं संघाचा इतिहास शोधायला जाल तर हाताला लागणार नाही, कॉलेजांचा शोधा. एका कॉलेजातून खो-खोच्या पाच पोरी आल्या असतील तर तिथं त्या काळी एखादा सर ठाण मांडून बसलेला असतो. नावं तिथंच मिळतात.

कुठं बघायचं? विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात क्रीडा विभागाची पानं असतात. कॉलेजच्या वार्षिक अंकात जिमखान्याचा अहवाल असतो, फोटोसकट, आणि फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं. हा खरा खजिना. तिसरं म्हणजे 'पुढारी'च्या जुन्या फायली, डिसेंबर-जानेवारीच्या. सांगलीच्या नगर वाचनालयातही २०१९ ला पाणी शिरलं होतं, तेव्हा थेट आमच्या साताऱ्याच्या नगर वाचनालयात या, चहा माझ्याकडं.

आणि जिमखान्यातले लाकडी फलक. काळी पाटी, पांढऱ्या ऑइलपेंटनं साल आणि नावं. एका कॉलेजात (नाव सांगत नाही) रंगकाम काढलं तेव्हा असे सात फलक उतरवले आणि मांडववाल्यानं ते फळ्या म्हणून नेले. मी रजेवर होतो. आल्यावर गॅदरिंगच्या स्टेजखाली एक दिसला, पालथा. '१९७१-७२ कबड्डी' एवढं वाचता येत होतं, बाकीच्यावर खिळे. तो मी घरी आणला. चोरी म्हणा हवं तर.

तुमची 'सोलापूरची' अगदी बरोबर. सोलापूर तेव्हा शिवाजीतच होतं, त्यांचं वेगळं विद्यापीठ २००४ साली झालं. तसंच मिरज मेडिकलचं. १९९८ साली नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि तिथली पोरं तिकडं गेली. आणि २०२१ पासून साताऱ्यातली रयतची तीन कॉलेजं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. म्हणजे साल बघितल्याशिवाय 'विद्यापीठाचा खेळाडू' म्हणायची सोय नाही.

पॉपिंग_क्रीज

खो-खो ठीक आहे, पण सांगलीनं विजय हजारे दिले, स्मृती मानधना दिली. साताऱ्यानं खाशाबा आणि ललिता बाबर. त्यांच्यापासून सुरुवात करा ना. चाळीस वर्षांपूर्वीची झोनल कोण वाचणार?

जिमखाना_नं_१ (सातारा)

ही गावची माणसं झाली हो, विद्यापीठाची नव्हेत. हजारे १९१५ चे, तेव्हा इथं विद्यापीठाचा पत्ता नव्हता. खाशाबांचंच घ्या. गोळेश्वरचा गडी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकात कुस्तीत ब्राँझ. खेळाडू कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा, त्याला ऑलिंपिकला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं. पण शिवाजी विद्यापीठ निघालं १९६२ साली, पदकानंतर दहा वर्षांनी. कोल्हापूरची कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, १९४९ नंतर पुण्याला. तरी आमच्याकडं प्रत्येक क्रीडा महोत्सवात भाषणाची सुरुवात "आपल्या विद्यापीठाचे खाशाबा" अशीच होते. मीही दोनदा केलीय. ललिता मोहीची, माणदेशातली. रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल पळाली, दहावी आली. अभिमान आहेच, पण ती तेव्हा रेल्वेत नोकरीला होती.

विद्यापीठाचाच खेळाडू हवा असेल तर तुमच्याच गावात आहे. वेटलिफ्टर संकेत सरगर.

डुबकी_क्वीन (इस्लामपूर)

सरांनी संकेतचं नाव काढलं म्हणून लिहिते. शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी, २०२० ला भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत सुवर्ण. वडिलांची सांगलीत पानटपरी. मग २०२२ ला बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कमध्ये पहिलाच १३५ उचलला, एकूण २४८. पुढं १३९ ला कोपर गेलं. तसाच परत आला आणि पुन्हा १३९ च लावलं. नाही झालं. मलेशियाचा २४९ नी जिंकला. एक किलो! आमच्या हॉलमध्ये सगळ्या रडलो, आणि आम्ही तर खो-खोवाल्या.

दादा, मॅचीचं सांगते. झोनल पावसाळा ओसरला की सुरू होतात, इंटरझोनल दिवाळीच्या आगेमागे, पश्चिम विभाग थंडीत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर क्रीडा विभागाचं वेळापत्रक येतं, कुठली स्पर्धा कुठल्या कॉलेजात ते त्यात असतं. पण तारखा सरकतात. मैदानावर पाणी, परीक्षा, काहीही. म्हणून जवळच्या कॉलेजच्या स्पोर्ट्सच्या सरांचा फोन ठेवा आणि आदल्या रात्री विचारा. तिकीट नसतं, खुर्ची पण नसते. सकाळी नऊला जा. दुपारी फायनल उरकून मैदान रिकामं झालेलं असतं.

पळणारीकडंच बघत बसू नका हं. मुलीला बसलेल्या आठजणी बघायला सांगा. खो कधी द्यायचा ते तिथं कळतं. आणि काकूंना विचारा, त्या पळायच्या की मारायच्या, म्हणजे पळणारीला बाद करायच्या? त्यावरून आमच्या जुन्या मॅडम ओळखतील.

गावभागातला (सांगली)

सर, ताई, सगळ्यांचे आभार. पॉपिंग_क्रीज भाऊ, वाचणारा मी एक आहे, झालं की.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. गुजरात म्हटल्यावर म्हणाली, "असेल. रिक्षावाले 'बेन बेन' म्हणायचे." एवढी मोठी खूण होती आणि ती तिला आत्ता आठवली. काय बोलणार.

पळायची की मारायची विचारलं. उत्तरच दिलं नाही. उठली, साडीचा काठ खोचला आणि मधल्या खोलीत फरशीच्या एका चौकोनात उकिडवी बसली. गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय तिला, गेले सहा महिने ती पाटावरही बसत नाही. दोन्ही तळहात पुढं फरशीवर, मान ताठ, मागचा पाय असा की टाच उचललेली. पोरीला म्हणाली, दे खो. पोरगी हसत हसत खांद्याला हात लावून म्हणाली, "खो." आई हलली नाही. "एवढ्या हळू? मोठ्यानं दे. आणि आधी हात, मग आवाज."

दुसऱ्यांदा पोरीनं नीट दिला. आई उठली, डावीकडं वळली आणि फ्रीजपर्यंत गेली. दोन पावलं असतील, पण वळताना फरशीवर रेघ असावी तशी वळली. मग फ्रीजला धरून उभी राहिली थोडा वेळ. मी खुर्ची आणली तर नको म्हणाली.

रविवारी साताऱ्याला येतोय सर, तिघं. आईनं विचारलंय, तुमच्याकडच्या त्या फलकावर खो-खोचं काही आहे का. आणि ती पोरीला अजून बसवून ठेवते रोज संध्याकाळी. आत्ताही आवाज येतोय आतून: "टाच. टाच टेकली तुझी."