व्हीएतला पोस्टडॉक: व्यसन आणि पीटीएसडीवर दोन वर्षं संशोधन, हा वेळ वाया जातो का?

निळीशाई
गेल्या आठवड्यात एका गप्पांत एकाने अगदी ठासून सांगितलं की अमेरिकेत माजी सैनिक उपचारासाठी ताटकळत असताना व्हीए, म्हणजे तिथलं माजी सैनिकांचं सरकारी खातं, पीएचडी झालेल्या सायकॉलॉजिस्टना दोन वर्षं पेपर लिहायला पगार देतं, ते बंद करा आणि सगळ्यांना पेशंट बघायला बसवा. मला हे अजिबात पटलेलं नाही. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हीएची मायरेक नावाची केंद्रं आहेत, मानसिक आजारांवर संशोधन, शिक्षण आणि उपचार तिन्ही करणारी. तिथली पीएचडीनंतरची फेलोशिप, म्हणजेच पोस्टडॉक, दोन वर्षांची, आणि त्यात ढोबळमानाने ७५ टक्के वेळ संशोधन-शिक्षणाला, २५ टक्के पेशंटना. हा ७५ चा आकडा लोकांच्या डोळ्यात खुपतो.

पण दारू आणि पीटीएसडी, म्हणजे युद्धासारख्या भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा आघाताचा आजार, दोन्ही असलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं काय व्हायचं बघा. पीटीएसडीच्या क्लिनिकमध्ये गेला की सांगायचे, आधी दारू सोड मग ये. व्यसनाच्या वॉर्डात गेला की युद्धाचा विषयच काढायचा नाही, काढला तर परत पिईल. आणि तो पितो कशासाठी, तर डोळा लागावा म्हणून, ती स्वप्नं पडू नयेत म्हणून. म्हणजे ज्या कारणासाठी पितो त्यावर उपचार हवेत तर आधी पिणं बंद पाहिजे, असा तिढा. हा नियम कुणी वाईट मनाने केला नव्हता, सगळ्यांना खरंच भीती होती.

ती भीती खोटी ठरली ती तपासून बघितल्यावर. २०१९ मध्ये जामा सायकियाट्री या नियतकालिकात सॅन डिएगो व्हीएतली एक ट्रायल, म्हणजे उपचाराची चाचणी, आली, दारूचं व्यसन आणि पीटीएसडी दोन्ही असलेले ११९ माजी सैनिक. काहींना व्यसनाच्या उपचाराबरोबरच प्रोलाँग्ड एक्स्पोजर दिलं, म्हणजे घडलेला प्रसंग डोळे मिटून परत परत मोठ्याने सांगायचा, ते रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, ज्या जागा टाळतो तिथे हळूहळू जायचं. बाकीच्यांना प्रसंगाला हात न लावता ताण आणि पिणं कसं हाताळायचं ते शिकवलं. पिणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं, आणि पीटीएसडी एक्स्पोजरवाल्यांचा जास्त उतरला. प्रसंग उकरून काढल्याने माणसं बाटलीकडे पळतील हे झालंच नाही. आता मला सांगा, आठवड्याला पंचवीस-तीस पेशंट बघणारा माणूस हे काम संध्याकाळी सातनंतर करणार आहे का?

रात्रपाळी
ताई, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे पण अर्धंच आहे. मी इथल्या, अमेरिकेतल्या, एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात काउन्सेलर आहे, आमच्याकडे माजी सैनिक बरेच येतात. ११९ जणांची ट्रायल सांगितलीत तर ९१६ जणांची पण सांगा ना. २०२२ ला आलेली, व्हीएच्याच १७ सेंटर्समधली, पीटीएसडीच्या दोन उपचारांची तुलना. एक्स्पोजरमधले निम्म्याहून जास्त लोक अर्ध्यात सोडून गेले, साधारण ५६ टक्के, आणि दुसऱ्या उपचारात, सीपीटीत, म्हणजे त्या प्रसंगाबद्दलचे विचार तपासून बदलायचे त्यात, जवळजवळ ४७ टक्के. औषध चांगलं आहे पण निम्मे लोक डोस पुरा करत नाहीत, मग पुढे काय?

माझ्यापुढे तो सोडून गेलेला माणूस बसलेला असतो. टोपी कपाळावर ओढलेली, पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "परत पहिल्यापासून सांगू का?" कारण आधीचा ट्रेनी थेरपिस्ट गेलेला असतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी जुनी बॅच जाते नवी येते. फेलोला पंचवीस टक्केच पेशंट, म्हणजे आठवड्याला सव्वा दिवस, त्यात मीटिंगा, सुपरव्हिजन, नोट्स. त्या माणसाचा शुक्रवारी रात्री फोन आला तर तो उचलणारा फेलो नसतो.

आणि इतिहास बघा. व्हीएने १९४६ मध्ये सायकॉलॉजिस्ट तयार करायला घेतले तेच मुळी दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या पोरांना बघायला माणसं नव्हती म्हणून. पेपर हवेत म्हणून नाही.

निळीशाई
१९४६ तुम्ही काढलंत तर १९४९ पण काढूया. कोलोरॅडोत बोल्डरला परिषद झाली, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने काय शिकायचं ते तिथे ठरलं, आणि ठरलं काय तर एकाच माणसाने उपचारही करायचे आणि संशोधनही. त्या परिषदेमागे व्हीए होतंच. माणसं कमी होती तेव्हासुद्धा त्यांनी संशोधन काढून टाकलं नाही, कारण तेव्हा जे उपचार चालायचे त्यातल्या कितींचा उपयोग होतो हेच कुणाला सांगता येत नव्हतं. पीटीएसडी हे निदान अधिकृत व्हायलाच १९८० उजाडलं हो. व्हिएतनामहून आलेल्या माणसाला त्याआधी काय झालंय याला नावसुद्धा नव्हतं.

अर्ध्यात सोडून जाण्याचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे असं मला वाटतं. ते ५६ टक्के कोण, कितव्या सेशनला गेले, का गेले, हे शोधणं म्हणजेच पोस्टडॉकचं काम.

टेकडीवरचा
मी या क्षेत्रातला नाही पण एक वाचलेलं सांगतो, कारण ते डोक्यातून जात नाही. १९७१ ला अध्यक्ष निक्सनच्या काळात व्हिएतनाममधले सैनिक हेरॉइन घेतात म्हणून प्रचंड घबराट झाली होती, परत पाठवायच्या आधी सगळ्यांची लघवी तपासायचे. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्यांचा पाठपुरावा केला. साधारण पाचातला एक जण म्हणाला की तिकडे आपल्याला व्यसन होतं, आणि त्या व्यसनी लोकांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात सुमारे पाच टक्केच परत अडकले. बहुतेकांनी उपचार घेतलेच नव्हते. मग माणसाची जागा, नोकरी, घर, आजूबाजूची माणसं हेच जास्त महत्त्वाचं नाही का? थेरपिस्ट आणि फेलो दोघांवरचा खर्च घरं आणि नोकऱ्यांकडे वळवा असं माझं मत आहे.

निळीशाई
@टेकडीवरचा घर आणि नोकरी हवीच, त्याला कोण नाही म्हणेल. पण त्या अभ्यासातून सगळ्या व्यसनांबद्दल निष्कर्ष नका काढू. तिकडे हेरॉइन स्वस्त, शुद्ध आणि हाताशी होतं, घरी आल्यावर ते मिळणंच अवघड झालं, सोबतचे घेणारेही पांगले. दारूचं तसं नाहीये. ती घरीही आहे, पेट्रोल पंपावरही आहे, मेहुण्याच्या लग्नातही आहे. जागा बदलून सुटका होईल अशी जागाच नाही.

आणि तो पाच टक्क्यांचा आकडा आपल्याला माहितीये तो कुणीतरी शेकडो परतलेल्या पोरांना देशभर शोधून, समोर बसवून विचारलं, लघवी तपासली म्हणून. नाहीतर "व्हिएतनामवाले सगळे गर्दुल्ले" हेच आजवर चालू राहिलं असतं. संशोधनाने सैनिकांची बदनामी थांबवली त्याचं हे उदाहरण आहे.

केशरभात
एक उदाहरण माझ्याकडून. कोकेन किंवा मेथ या अमली पदार्थांच्या व्यसनावर आजही मान्यताप्राप्त औषध नाही. त्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे काचेचं भांडं आणि चिठ्ठ्या. आठवड्यातून दोनदा यायचं, लघवीचा नमुना द्यायचा, निगेटिव्ह, म्हणजे नशा न सापडलेला, आला की भांड्यात हात घालून चिठ्ठी काढायची. निम्म्या चिठ्ठ्यांवर नुसतं शाब्बास, बाकीच्या बऱ्याच छोट्या बक्षिसाच्या, थोड्या मोठ्या, आणि एकच शंभर डॉलरची. सलग निगेटिव्ह येत गेला की चिठ्ठ्या वाढतात, एकदा चुकला की परत एकपासून. कनेटिकट विद्यापीठातल्या संशोधक नॅन्सी पेट्री यांनी ही पद्धत बसवली आणि २०११ पासून व्हीएने ती देशभर सुरू केली, बक्षीस म्हणून हॉस्पिटलच्याच कँटीनची कुपनं. प्रौढ माणूस, युद्ध बघून आलेला, चिठ्ठी उघडताना त्याचे हात थरथरतात, मी बघितलंय. पुढे हिशोब आला तेव्हा दिलेल्या नमुन्यांपैकी ९२ टक्के निगेटिव्ह होते. चिठ्ठ्या काढायला पीएचडी लागत नाही, पण बक्षीस किती, कधी, किती वेळा हे ठरवायला वर्षं गेलीत.

रात्रपाळी
९२ टक्के हे आलेल्या नमुन्यांचे. ठरलेल्या सेशन्सपैकी लोक आले साधारण निम्म्यांनाच. न आलेल्या दिवशी तो माणूस कुठे होता हे भांडं सांगत नाही. पद्धत चांगलीच आहे, मी स्वतः आमच्या केंद्रात ती मागतोय, मिळत नाहीये कारण कुपनांना पैसे नाहीत. शोध लागून इतकी वर्षं झाली, अडलंय ते पोचवण्यात. तरी अजून शोधच लावायचे?

अवनी_एच
विषयाला थोडा फाटा फोडते पण इथे पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मुली वाचतात म्हणून. हे सगळं वाचून कुणी पीएचडीला इकडे अमेरिकेत यायचा विचार करत असेल तर आधीच माहीत असू दे, व्हीएत सायकॉलॉजीच्या इंटर्नशिपला आणि पोस्टडॉकला अमेरिकन नागरिकत्व लागतं. स्टुडंट व्हिसावर नाही, ग्रीन कार्डवरही नाही. मला हे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं, तोवर माझा सगळा प्रबंध सैनिकांच्या पीटीएसडीवर होता. माझ्या डिपार्टमेंटमध्ये एकालाही सांगावंसं वाटलं नाही याचा राग अजून आहे. नागरिकत्वाची अट बरोबर की चूक यावर मी बोलत नाही, सरकारी नोकरी आहे, नियम असणार. पण विद्यापीठाच्या बाजूने याच विषयावर काम करता येतं, व्यसन आणि ट्रॉमाच्या ग्रँट्स एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेकडूनही येतात, तिकडे बघा.

मूळ प्रश्नावर माझं मत निळीशाईंच्या बाजूने, पण रात्रपाळी म्हणतात ते "परत पहिल्यापासून सांगू का" मला फार लागलं.

कृष्णाकाठ
नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला, आमच्याकडे घरटी फौजी असलेली गावं आहेत. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झाले. कँटीनचा कोटा, रोज संध्याकाळी दोन पेग, मग तीन, मग मोजणं बंद. आई म्हणायची फौजी माणूस आहे चालायचंच. त्यांना बीपीसाठी, गुडघ्यासाठी, मोतीबिंदूसाठी डॉक्टरांकडे नेलं, प्रत्येक वेळी वजन झालं, रक्त झालं, किती पिता हे एकदाही कुणी विचारलं नाही. पूर्वेकडे पोस्टिंग असताना काय घडलं तेही नाही. आता ते नाहीत.

तुमची चर्चा मोठी आहे, पंचाहत्तर टक्के की पन्नास ते तुम्ही ठरवा. मला एवढंच विचारायचंय की त्या एवढ्या संशोधनातून आमच्यासारख्याला हाताला लागेल असं काही आहे का?

निळीशाई
आहे दादा, आणि अगदी साधं आहे. ऑडिट-सी नावाची तीन प्रश्नांची चाचणी आहे. गेल्या वर्षभरात किती वेळा प्यायलात, पिता त्या दिवशी साधारण किती, आणि एका बैठकीत सहा पेग किंवा जास्त असं किती वेळा झालं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी होती त्यातले हे पहिले तीन. व्हीएतल्या संशोधकांनी माजी सैनिकांवर तपासून १९९८ मध्ये दाखवलं की घाईच्या ओपीडीत एवढे तीनही पुरतात. आता व्हीएत कशासाठीही आलेल्या पेशंटला हे वर्षातून एकदा विचारतात, गुडघा दुखत असला तरी. एक मिनिट लागतं, मराठीत विचारायला काहीच अडचण नाही, नर्सही विचारू शकते. आकडा जास्त आला तर पुढे पाठवायला पुण्यात मुक्तांगणसारखी १९८६ पासून काम करणारी जागा आहे. तुमच्या वडिलांना कुणीतरी हे विचारायला हवं होतं.

रात्रपाळी
कृष्णाकाठ, वाईट वाटलं वाचून. तीन प्रश्नांचं मान्य, तो पुरावा तुमच्या बाजूचा धरा ताई.

पण माझी मागणी सोडत नाही. ७५-२५ चं ६०-४० करा, आणि फेलोने पहिल्या वर्षी घेतलेले पेशंट दुसरं वर्ष संपेपर्यंत त्याच्याकडेच राहू द्या, जाताना पुढच्या माणसाबरोबर किमान दोन-तीन सेशन एकत्र बसून मगच सोडा. उपचार सोडून जाणाऱ्यांवर संशोधन करायचं असेल तर सोडून गेलेल्यांना स्वतः फोन करा, रिसर्च असिस्टंटला लावू नका.

निळीशाई
६०-४० ला माझा विरोधच राहील. चाळीसचे प्रत्यक्षात साठ होतात आणि ट्रायल बारगळते, हे मी होताना बघितलंय. एकत्र बसून पेशंट सोपवायचं आणि फोन स्वतः करायचं, यावर मात्र मी आमच्या ट्रेनिंग कमिटीत लेखी प्रस्ताव देते. तुमच्याकडे सोडून गेलेल्यांना परत बोलावताना काय विचारता, काय टाळता, ते इथे लिहाल का? प्रस्तावात त्याची गरज आहे.

रात्रपाळी
लिहितो, उद्या ड्यूटी संपली की. पहिली गोष्ट आत्ताच सांगतो, "का आला नाहीत" हे विचारायचंच नाही. जेवलात का, झोप लागते का, इथून सुरुवात करायची.