‘मी कुणाचं काम केलं नाही’ या उत्तरावर किती विसंबायचं?

मॉडेल कॉलनीकर (धागाकर्ता)

पुढाऱ्यावर लॉबिस्टशी (म्हणजे पैसे घेऊन कंपन्यांची कामं सरकारदरबारी रेटणाऱ्या माणसाशी) साटंलोटं असल्याचा आरोप झाला आणि त्याने खुलासा केला, की आपण नक्की काय तपासायचं? उदाहरण मुद्दाम लांबचं घेतोय, म्हणजे पक्षावरून जुंपणार नाही.

२१ फेब्रुवारी २००८. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत सिनेटर जॉन मॅकेन सर्वांत पुढे होते. न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की त्यांच्या आधीच्या, २००० च्या निवडणुकीच्या सुमारास एका महिला लॉबिस्टशी त्यांची ऊठबस इतकी वाढली होती की त्यांच्याच सहकाऱ्यांना धास्ती वाटू लागली. त्याच सकाळी ओहायोतल्या टोलीडो शहरात मॅकेननी पत्नीसह पत्रकार परिषद घेतली. बातमी खोटी आहे, तसले संबंध नव्हते, कुणावर मेहेरबानी केली नाही. शांतपणे बोलले, बघणाऱ्याला पटावं असं.

संबंधांची भानगड मला चघळायची नाही, ती छापायलाच नको होती. मला पत्रांबद्दल बोलायचंय. १९९९ च्या अखेरीस मॅकेन सिनेटच्या वाणिज्य समितीचे अध्यक्ष होते. त्या बाई ज्यांचं काम बघत, त्या पॅक्सन कंपनीला पिट्सबर्गमधलं एक टीव्ही केंद्र हवं होतं आणि प्रकरण टीव्ही-रेडिओचे परवाने देणाऱ्या दळणवळण आयोगाकडे अडकलं होतं. मॅकेननी आयोगाला पत्रं पाठवली की निर्णय लवकर द्या. त्याच काळात त्यांनी कंपनीचं विमान वापरलं होतं, प्रचारासाठी देणग्याही घेतल्या होत्या. आयोगाच्या अध्यक्षांनी अशा पत्रावर उघड नाराजी कळवली. २००८ मध्ये मॅकेनचा गोट म्हणाला, कंपनीचं कुणी त्यांच्याशी याबाबत बोललंच नव्हतं. लगेच न्यूजवीकने २००२ मधली त्यांचीच शपथेवरची साक्ष बाहेर काढली. पॅक्सनने आपल्याशी संपर्क केला होता, असं त्यात ते स्वतः सांगतात.

माझं म्हणणं सरळ आहे. खुलासा कितीही सभ्य असो, तो कागदाशी ताडून बघितल्याशिवाय मानू नये. आपल्याकडे अडचण अशी की ताडायला कागदच मिळत नाही.

सिंहगड रोड

तुम्ही ‘भानगड चघळायची नाही’ म्हणून पुढे गेलात, पण त्या बाईंना पुढे जाता आलं नाही. त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सवर २ कोटी ७० लाख डॉलरचा दावा लावला. फेब्रुवारी २००९ मध्ये तडजोड झाली, पैसे मिळाले नाहीत. प्रेमसंबंध होते असं आम्हाला म्हणायचं नव्हतं, एवढी टीप वर्तमानपत्राने छापली. वर्षभर जगभर बोभाटा आणि शेवटी एक टीप! आरोप करणाऱ्यानेही कागद दाखवावा, हे का म्हणत नाही तुम्ही?

दुसरं, त्या पत्रात निर्णय अमुकच द्या असं नव्हतं, निर्णय द्या एवढंच होतं. आमच्या सोसायटीची पाण्याच्या लाइनची फाइल एका टेबलावर नुसती पडून होती. रोज टँकर, त्यावरून जिन्यात भांडणं. शेवटी लोकप्रतिनिधीकडे गेलो. लेटरहेडवर चार ओळी मिळाल्या: ‘सदर प्रकरणी नियमानुसार तातडीने कार्यवाही व्हावी.’ फाइल हलली. मग आम्हीही लॉबिस्ट का? लोकांची कामं मार्गी लावायला नाही तर कशाला निवडून देतो आपण?

मॉडेल कॉलनीकर

सोसायटीने त्यांना विमानातून फिरवलं नव्हतं, फरक तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. मॅकेनना तर याचा चटका आधी बसलेला होता. १९८७ मध्ये चार्ल्स कीटिंग या देणगीदाराच्या पतसंस्थेसाठी पाच सिनेटर नियामकांना भेटले, त्यांत मॅकेन होते. पुढे ती संस्था बुडाली, भुर्दंड करदात्यांवर पडला. १९९१ मध्ये सिनेटच्या समितीने मॅकेन यांच्यावर कमी विचाराने वागल्याचा ठपका ठेवला. नंतर राजकीय देणग्यांना लगाम घालणारा २००२ चा कायदा त्यांनीच पुढाकार घेऊन आणला, हे श्रेय त्यांचंच. पण देणगी घेऊन पत्र लिहायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

वकील, शिवाजीनगर

कायद्याचं सांगते. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टला नोंदणी करावी लागते आणि अशील कोण, खर्च किती हे जाहीर करावं लागतं. आपल्याकडे असा कायदाच नाही. २०१३ मध्ये लोकसभेत एका खासदाराचं खासगी विधेयक आलं, त्याचं पुढे काही झालं नाही. परिणाम बघा. २०१२ च्या डिसेंबरमध्ये वॉलमार्टच्या लॉबिंगवरच्या खर्चावरून संसद दणाणली. २००८ पासून अडीच कोटी डॉलर, आणि विषयांच्या यादीत भारतातली गुंतवणूकही. हे आपल्याला कळलं कुठून? कंपनीने अमेरिकन सिनेटला दिलेल्या विवरणातून. मग आपल्या सरकारने निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली, तिच्यातून ठोस काही निघालं नाही. आपल्या देशातल्या लॉबिंगची माहिती वॉशिंग्टनमध्ये शोधायची, याची मला खरोखर चीड येते.

कर्वे रोड

नोंदणीने काय होणार? इथे ‘लायझनिंग’ करणारा माणूस पाटी लावून बसत नाही. तो कुणाचा मेहुणा असतो, कुणाचा जुना कार्यकर्ता. उद्या कायदा आला तर मोठ्या कंपन्या रीतसर नोंदणी करून उजळ माथ्याने फिरतील आणि पाण्यासाठी गेलेली सोसायटी मात्र भेट नोंदवली नाही म्हणून गुन्हेगार ठरेल.

आणि पुण्याला उदाहरणासाठी टोलीडो कशाला हवं? प्रभात रोडवरचा प्राथमिक शाळेसाठी राखीव भूखंड आठवा. मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना आरक्षण हटलं आणि त्यांच्या जावयांच्या प्रकल्पाची इमारत उभी राहिली. जोशींनी जानेवारी १९९९ मध्ये पद सोडलं, मार्चमध्ये उच्च न्यायालयाने ती परवानगी बेकायदा ठरवली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला. कुठलीही लॉबिस्ट नोंदवही नव्हती. न्यायालयाने सरकारी फाइलच उघडली.

वकील, शिवाजीनगर

बरोबर, पण ती फाइल न्यायालयाला मिळाली. तुम्हा-आम्हाला माहिती अधिकारात मागावी लागते, आणि वैयक्तिक माहितीच्या कलमातली ‘व्यापक जनहित असेल तर द्या’ ही तरतूद २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने काढून टाकली. बारा वर्षांनी अंतिम निकाल लागेपर्यंत शाळेत जायच्या वयाची मुलं कॉलेजला पोचली.

मॉडेल कॉलनीकर

कर्वे रोड, तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं भक्कम होतं. मला नोंदवहीचा हट्ट नाही. शिफारसपत्र आलं की त्याला आवक क्रमांक पडावा, ते फाइलला लागावं आणि संकेतस्थळावर दिसावं. बास. सिंहगड रोडवाल्यांचं चार ओळींचं पत्रही तिथे दिसेल, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे?

सिंहगड रोड

आम्हाला लाज नाही वाटणार. पण पत्र देणारा पुढच्या वेळी देणार नाही, फोन करेल. बिल्डरचं काम फोनवर होईल, आमचं होणारच नाही, कारण आमच्यासाठी फोन फिरवण्याइतकं वजन आमच्याकडे नाही.

मॉडेल कॉलनीकर

फोन येतील, मान्य. पण फोनवर ऐकून फाइल पुढे सरकवायची तर अधिकाऱ्याला टिपणीवर एकट्याची सही करावी लागेल, मागे लपायला पत्र नसेल. तुमच्या पाण्यासाठी एवढी जोखीम कुणी घेणार नाही, हा तुमचा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. पत्रं उघड झाली तर तुमच्यासारख्यांचं काम अडू नये म्हणून काय करावं, ते कुणीतरी सुचवा.